ऊन मातीत किती खोल जाते? नोंदणी समितीस खुले पत्र

प्रति,
शेतीत वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या नोंदणीचे निकष आणि त्यांच्या माहितीपत्रकांचा मजकूर ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीचे सर्व सदस्य

महोदय आणि महोदया,

जमिनीवर फवारल्या जाणाऱ्या रसायनांच्या माहितीपत्रकावर 'सूर्यप्रकाशात वेगाने विघटन होते' असे वाक्य छापण्यास, आणि त्याखाली प्रयोगशाळेतील दिव्यासमोर मिळालेला आकडा 'मातीतील अर्धायुष्य' (रसायन निम्मे होण्यास लागणारा काळ) या नावाने देण्यास आपण मुभा दिली आहे. ते वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते मातीच्या ज्या थरापुरते खरे आहे, त्या थराची जाडी मात्र कुठेच सांगितली जात नाही, आणि ती जाडी बोटाच्या नखाहून फारशी अधिक नसते. ही हरकत मी आपल्याला खासगी पत्रानेही कळवू शकले असते. परंतु ते वाक्य वाचून फवारणारी, नांगरणारी आणि रोपे लावणारी माणसे आपल्या बैठकीला नसतात, म्हणून त्यांच्यादेखत लिहीत आहे.

मी मातीतील रासायनिक अवशेष मोजण्याचे काम करत आले आहे आणि या प्रश्नात माझे हात स्वच्छ नाहीत, हे आधीच सांगून टाकते. एका साठवणुकीच्या आवारात तणनाशकाचे पिंप गळून जमिनीचा एक पट्टा भिजला होता. तिथल्या जबाबदार मंडळींनी माहितीपत्रकातील अशाच वाक्यावर भिस्त ठेवली आणि माती न उचलता उघडी राहू दिली. ऊन लागले की आपोआप जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. काही आठवड्यांनी नमुना घ्यायला मला बोलावले आणि 'वरची माती' घ्यायला सांगितले. मी पोलादी पट्टीने वरचा पापुद्रा हलकेच खरवडला, बाटलीत भरला, तपासला आणि अवशेष नगण्य असल्याचा अहवाल सही करून दिला. पुढे ती जमीन उकरून तिथे रोपे लावली गेली. पंधरवड्यात पाने कडेने पिवळी पडून वळू लागली, आणि मी पुन्हा तिथे जाऊन बोटभर खोलीची माती काढली तेव्हा तपासणीची गरजच उरली नाही, कारण पट्टी आत जाताच नाकाला वास आला. अहवालातला एकही आकडा चुकीचा नव्हता. चूक होती ती एका पापुद्र्याची गोष्ट सगळ्या जमिनीच्या नावावर खपवण्याची, आणि त्यावर सही माझी होती.

सूर्यप्रकाशाच्या ताकदीबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांपासून मिळणारी पायरेथ्रिन ही नैसर्गिक कीटकनाशके उन्हात काही तासांत निकामी होतात, आणि याच कारणाने ती शेतात कधी फारशी उपयोगी पडली नाहीत. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूतील प्रकाशाला बळी पडणारे भाग ओळखून ते बदलले, तेव्हा १९७३ मध्ये परमेथ्रिन हे उन्हात टिकणारे संयुग हाती आले. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात सुमारे २९० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे किरण जवळजवळ नसतातच, कारण ओझोन ते वरच्यावर अडवतो. तरीही ३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांत एका मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते, आणि कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल पुरतात. मात्र रेणूने तो किरण स्वतः शोषला पाहिजे, आणि शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन विरण्याआधी बंधापर्यंत पोहोचली पाहिजे. मातीच्या कणाला चिकटलेल्या रेणूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी पाण्यात विरघळलेल्या रेणूसारख्या घडत नाहीत. चिकणमातीच्या पृष्ठभागावर बसल्यामुळे काही रेणूंची प्रकाश शोषण्याची तरंगलांबी सरकते, तर काहींची शोषलेली ऊर्जा शेजारचे खनिज काढून घेते. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे उदाहरण आपल्यासमोर अनेकदा आले असेल. उन्हातल्या स्वच्छ पाण्यात ते काही तासांत निम्मे होते, आणि मातीच्या पृष्ठभागावर त्याच कामाला कित्येक आठवडे लागतात.

याशिवाय एक आडवाट आहे. रसायन स्वतः प्रकाश शोषत नसले तरी मातीतील ह्युमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ, तो शोषतो, उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो; असा उत्तेजित ऑक्सिजन, आणि लोह किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडांवर तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे), शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. गंमत अशी की हाच ह्युमस गडद रंगाचा असल्याने प्रकाशाची वाट अडवतो आणि तयार झालेल्या मूलकांपैकी बरेचसे स्वतःच गिळतो, त्यामुळे काळ्या, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या मातीत विघटन वाढेल की घटेल हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. एका मातीवर मिळालेला आकडा दुसरीला लावणे इथेच धोक्याचे होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार खोलीची. थेट प्रकाशविघटन मातीच्या वरच्या ०.२ ते ०.३ मिलिमीटरपुरते मर्यादित असते, असे मोजमाप १९९० पासून प्रसिद्ध आहे. उत्तेजित ऑक्सिजन मातीच्या पोकळ्यांतून थोडा खाली झिरपतो म्हणून अप्रत्यक्ष विघटन त्याहून खोल, फार तर एक-दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचते. आता हिशेब करून पाहावा. १५ सेंटीमीटर खोलीच्या नांगरटीत एका हेक्टरला सुमारे २,००० टन माती येते. त्यातली ज्या मातीला प्रकाश थेट भिडतो ती सुमारे चार टन. माहितीपत्रकावरचा आकडा त्या चार टनांचा असतो आणि वाचणारा तो दोन हजार टनांचा समजतो. आपल्या चाचणीच्या बशीतही हाच घोळ छोट्या प्रमाणावर आहे. माती साधारण दोन मिलिमीटर जाडीने पसरायची, वरून द्रावणाचे थेंब सोडायचे आणि बशी उन्हासारखा प्रकाश देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली ठेवायची, ही पद्धत मी असंख्य वेळा हाताळली आहे. त्या दोन मिलिमीटरांपैकी बहुतेक माती अंधारातच असते. थेंब किती खोल मुरले, मातीचा कण किती बारीक होता आणि बशी किती दाबून भरली होती, यावर आकडा हलतो. एकाच रसायनाचे दोन आकडे दोन प्रयोगशाळांतून वेगळे येतात तेव्हा रसायनाला दोष देण्याआधी मी बशीची जाडी विचारते.

उद्योगाला हे सारे ठाऊक नाही असे मुळीच नाही. ट्रायफ्ल्युरॅलिन हे तणनाशक उन्हाने विघटित होते आणि वाफेनेही उडून जाते, म्हणून फवारल्यावर ते लगेच मातीत मिसळावे अशी सूचना त्याच्यासोबत कित्येक दशके दिली जात आहे. काही सेंटीमीटर माती अंगावर घेतली की रसायन उन्हापासून वाचते, यावरच ती सूचना उभी आहे. म्हणजे रसायन टिकवायचे असते तेव्हा माती ही ढाल असते, आणि ते टिकत नाही असे दाखवायचे असते तेव्हा तीच माती काचेसारखी पारदर्शक होते. एकाच समितीने या दोन्ही कागदांवर शिक्का मारलेला मला दिसतो.

ऊन कुठे थांबते याचा सर्वांत कडू दाखला सेवेसोचा आहे. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील त्या परिसरावर रासायनिक कारखान्यातील अपघातातून डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन पसरले. प्रकाशाने डायऑक्सिनचा रेणू क्लोरीन गमावतो, त्यासाठी शेजारी हायड्रोजन देणारा पदार्थ लागतो, आणि पानांवर किंवा काचेवर पातळ थरात असताना हे काम दिवसाभरात बरेच पुढे जाते, हे तेव्हाही माहीत होते. तेल फवारून हा हायड्रोजन पुरवण्याचे प्रयोगही झाले. तरीही सर्वाधिक दूषित भागातील वरची माती अखेर खरवडून काढावी लागली आणि खास बांधलेल्या खड्ड्यांत पुरावी लागली, कारण मातीत मुरलेल्या रेणूला ऊन दिसतच नव्हते. पृष्ठभागावरच्या डायऑक्सिनचे अर्धायुष्य ९ ते १५ वर्षे आणि खालच्या मातीत २५ ते १०० वर्षे असे अंदाज नंतर मांडले गेले. रेणू तोच आहे आणि जमीनही तीच, फरक आहे तो खोलीचा. तिथे माहितीपत्रकावर एकच आकडा छापायचा ठरला असता तर आपण कोणता छापला असता?

दुसरी तक्रार अंधारातल्या बशीची आहे. प्रकाशाने किती रसायन गेले हे कळण्यासाठी तेवढ्याच तापमानाची आणि तेवढ्याच ओलाव्याची दुसरी बशी अंधारात ठेवावी लागते आणि दोहोंच्या वेगांची वजाबाकी करावी लागते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात दिव्याखालची माती तापते आणि सुकते. सकाळी गडद असलेला थर दुपारी फिका पडतो, कडेने बशी सोडतो आणि त्याला केसाएवढ्या भेगा जातात, तर फॉइलमध्ये गुंडाळलेली जोडीची बशी उघडली तर तिच्या झाकणाला आतून दव असते. सुकलेल्या मातीतील सूक्ष्मजीव मंदावतात आणि दमट मातीतले काम करत राहतात. शिवाय पाणी असताना रेणूंची आणि मूलकांची हालचाल वेगळी असते. अशा दोन बश्यांची वजाबाकी म्हणजे दोन वेगळ्या मातींची वजाबाकी होय. यात भर पडते वाफेची. तापलेल्या पृष्ठभागावरून उडून गेलेले रसायन मातीत सापडत नाही, आणि बाहेर जाणारी हवा सापळ्यात धरली नसेल तर ते 'विघटित' म्हणून नोंदले जाते. मातीला घट्ट चिकटून द्रावकाने न निघणारा अंशही याच रकान्यात घुसतो. किरणोत्सारी कार्बनने चिन्हांकित केलेले रसायन वापरून, टाकलेल्या मात्रेपैकी ९० ते ११० टक्के हिशेब जुळवून दाखवला, तरच विघटन झाले असे म्हणता येते. पूर्ण अहवालात हा ताळेबंद असतोही. लोकांसमोर येणाऱ्या माहितीपत्रकात तो कधी आल्याचे मला आठवत नाही.

तिसरी तक्रार, जिच्याबद्दल मी सर्वांत कमी सबुरी बाळगू शकते, ती 'विघटन' या शब्दाच्या वापराची. मूळ रेणू मोडला म्हणजे धोका मोडला, असा त्याचा अर्थ सामान्य वाचक घेतो आणि तो घ्यावा अशीच वाक्यरचना असते. पॅराथिऑन या कीटकनाशकाचे काय झाले ते आपण जाणता. कोरड्या हवामानात, बागेतील पानांवर आणि मातीच्या धुळीवर बसलेल्या पॅराथिऑनमधील गंधकाची जागा ऑक्सिजनने घेतली आणि पॅराऑक्सॉन तयार झाले, जे मूळ रसायनाहून बरेच अधिक विषारी असते. फवारणी संपून दिवस उलटल्यावर बागेत शिरलेल्या मजुरांना त्याची बाधा झाली. धुळीवर होणाऱ्या या बदलाला ऊन आणि हवेतील ओझोन दोन्ही हातभार लावतात. फवारल्यानंतर शेतात पुन्हा केव्हा पाऊल ठेवावे याचे नियम कडक होण्यामागे असे अनुभव आहेत. ऑल्ड्रिन या कीटकनाशकापासून डिल्ड्रिन होते, आणि डिल्ड्रिनवर ऊन पडले की फोटोडिल्ड्रिन, जे अनेक प्राण्यांना डिल्ड्रिनपेक्षाही घातक ठरते. या तिन्ही उदाहरणांत मूळ रसायनाचा आलेख सुंदर खाली उतरत जातो. तो आलेख मीही कितीदा समाधानाने काढला आहे, आणि त्याच कागदावर वर चढणारी दुसरी रेषा काढायला मला कोणी सांगितले नव्हते म्हणून ती काढली नाही.

चौथी तक्रार थोडक्यात मांडते. दिव्याखालचे तास मध्यम अक्षांशावरील उन्हाळ्याच्या दिवसांत रूपांतरित केले जातात आणि तो आकडा सर्व ऋतूंसाठी, सर्व अक्षांशांसाठी छापला जातो. ढगाळ हंगाम, पिकाची सावली आणि जमिनीवर पसरलेला पाचोळा यांना त्या गणितात जागा नाही. पीक वाढून त्याने जमीन झाकली की पृष्ठभागावर पडणारे ऊन किती उरते, हे पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही.

शेवटची तक्रार आपल्यापुरती नाही, पण उत्तर आपणही द्यायचे आहे. पाण्यातील प्रकाशविघटनाच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेने २००८ मध्ये ३१६ या क्रमांकाने अंतिम केली. मातीच्या पृष्ठभागावरील विघटनाच्या चाचणीचा मसुदा त्याआधी, २००२ मध्येच तयार झाला होता, आणि तो मसुदा म्हणूनच वापरला जात राहिला. अवघड गोष्ट मागे पडते हे मी समजू शकते, कारण माती पाण्यासारखी एकजिनसी नसते. पण ज्या चाचणीची पद्धतच पक्की झाली नाही तिचा आकडा पक्क्या अक्षरांत छापण्याची घाई कशासाठी, हे मला उमगलेले नाही.

यावर तोड नाही असेही नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात शेतातील प्रयोगांविषयी एक साधा, शहाणा नियम घातला आहे. मातीच्या आतील विघटनाचा वेग काढायचा असेल तर रसायन फवारल्यानंतर मातीत मिसळावे किंवा पाणी देऊन खाली न्यावे. नाही तर किमान १० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंतच्या नोंदी बाजूला ठेवाव्यात, कारण तोवरची घट ऊन आणि वाफ यांची असते. पृष्ठभागाची घट आणि मातीची घट या दोन गोष्टी आहेत, हे तिथे मान्य झाले आहे. आपल्याकडून मी याहून वेगळे काही मागत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. 'मातीतील अर्धायुष्य' या नावाखाली प्रकाशविघटनाचा आकडा देणे तत्काळ बंद करावे. द्यायचाच असेल तर 'पृष्ठभागावरील अर्धायुष्य' असे म्हणून शेजारी अंधारातील त्याच मातीचा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यावा आणि थराची जाडी, ओलावा व प्रकाशाचा अक्षांश लिहावा. 'वेगाने विघटन होते' हे वाक्य वापरायचे असल्यास विघटनातून काय तयार होते आणि त्यातले काय मूळ रसायनाइतके किंवा अधिक विषारी आहे, ते त्याच परिच्छेदात असावे. ज्या अहवालात वाफेचा सापळा आणि पूर्ण ताळेबंद नाही, त्यातील घट विघटन म्हणून स्वीकारू नये. गळती झालेल्या जागेची माती उन्हात उघडी ठेवणे हा उपाय म्हणून कोणत्याही माहितीपत्रकात येऊ नये. आणि दूषित जमीन मोकळी करण्याचा दाखला देताना केवळ वरच्या पापुद्र्याचा नमुना ग्राह्य धरू नये. मुळे जिथवर जातात तिथवरच्या थरांचे वेगवेगळे नमुने मागावेत.

एक विनंती वैयक्तिक आहे. त्या साठवणुकीच्या आवारातील जमिनीबद्दल माझ्या सहीने गेलेला अहवाल अशा दाखल्यांच्या संचात अजून जोडलेला आहे आणि नंतरच्या प्रकरणांत त्याचा आधार घेतला गेल्याचे मला समजले आहे. तो मागे घेण्याचा अर्ज मी दोन वेळा दिला, त्यावर उत्तर आलेले नाही. नमुन्याची खोली मांडणारे दुरुस्तीपत्र आणि नोंदवहीतील मूळ पाने मी पुन्हा सोबत पाठवत आहे. तो अहवाल रद्द झाल्याचे मला लेखी कळवावे.

आपली,
मातीतील अवशेषांची एक विश्लेषक